अर्ध्या वाक्यावर थांबलेली वाट

ब्रिटिश प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर यांच्या ‘द ब्रोकन रोड’ या पुस्तकातील मुख्य कथन काळ्या समुद्राच्या काठी, बल्गेरियातील बुर्गास बंदराच्या परिसरात, एका वाक्याच्या मध्येच थांबते. ज्या काँस्टँटिनोपलसाठी लेखक हॉलंडपासून चालत आला ते शहर आता जवळ आले आहे, तुर्की सीमा थोड्या दिवसांच्या चालीवर आहे, वाचकाचे डोळे मिनारांकडे लागले आहेत, आणि नेमके इथे लेखन तुटते. संपादकांनी ते वाक्य पुरे केलेले नाही. त्यांनी पान जसे सापडले तसे ठेवले आणि तिथून पुढे वाचकाला लेखकाच्या तरुणपणीच्या रोजनिशीकडे नेले. मला या पुस्तकाविषयी जे सांगायचे आहे ते या एका निर्णयाशी बांधलेले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर मार्गी लागलेले हे पुस्तक अपुरे आहे, आणि ते अपुरेपण झाकले गेले नाही म्हणूनच या प्रवासाच्या तीन खंडांत मला ते सर्वांत जवळचे वाटते.

प्रथम थोडी पूर्वकथा सांगतो. १९३३ च्या डिसेंबरात अठरा वर्षांचा एक तरुण लंडनहून एका लहान डच बोटीने निघाला, हुक ऑफ हॉलंडला उतरला आणि ऐन हिवाळ्यात पूर्वेकडे चालू लागला. शाळेने त्याला काढून टाकले होते, सैन्यात जाण्याचा विचार मागे पडला होता, लेखक होण्याची इच्छा होती पण लिहिण्याजोगे हाती काही नव्हते. खर्चाला आठवड्याला एक पौंड, तोही महिन्याचे चार पौंड एकदम, वाटेवरच्या कुठल्या तरी टपाल कचेरीत येऊन पडायचे. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन अजून वर्षही पुरे झाले नव्हते. ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांच्या सोबतीने, कधी गोठ्यात तर कधी एखाद्या सरदाराच्या वाड्यात मुक्काम करीत, तो १९३४ च्या अखेरच्या दिवशी काँस्टँटिनोपलला पोहोचला. शहराचे अधिकृत नाव तोवर इस्तंबूल झाले होते, पण ली फर्मर आपल्या लेखनात जुनेच नाव वापरत राहिले.

या चालीचा पहिला खंड, ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो हंगेरीच्या सीमेवर, एस्टरगोम येथील डॅन्यूबच्या पुलावर थांबतो. ‘बिटवीन द वुड्स अँड द वॉटर’ हा दुसरा खंड १९८६ मध्ये आला आणि डॅन्यूबच्या ‘आयर्न गेट्स’ या घळीपाशी संपला. त्याच्या शेवटच्या पानावर उर्वरित भाग पुढे येईल अशा अर्थाचे शब्द छापलेले होते. ते शब्द वाचलेल्या वाचकांनी पंचवीस वर्षे वाट पाहिली. १० जून २०११ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, ली फर्मर यांचे निधन झाले. तिसरा खंड २०१३ मध्ये जॉन मरी या त्यांच्या नेहमीच्या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याचे संपादन प्रवासलेखक कॉलिन थ्युब्रॉन आणि ली फर्मर यांच्या चरित्रकार आर्टेमिस कूपर यांनी केले. दोघेही लेखकाच्या निकटच्या परिचयातले होते.

हे पुस्तक ज्या कागदांतून उभे राहिले त्यांची हकीकत खुद्द प्रवासाइतकीच विलक्षण आहे. शेवटचा म्हणून आलेला हा खंड खरे तर सर्वांत आधी लिहिला गेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘हॉलिडे’ या अमेरिकन मासिकाने ली फर्मर यांच्याकडे पायी चालण्याच्या आनंदावर सुमारे पाच हजार शब्दांचा लेख मागितला. ते लिहायला बसले. हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनिया एवढा मुलूख त्यांनी भराभर, जेमतेम सत्तर-एक पानांत उरकला. बल्गेरियाच्या सीमेवर मात्र लेखणी रेंगाळली. गावांची नावे, खानावळींतले वास, एकेका माणसाचा चेहरा, त्यांची भांडणे आणि गाणी असे सारे वर येऊ लागले आणि लेखाचे पुस्तक होऊ लागले. या खर्ड्याला त्यांनी ‘अ यूथफुल जर्नी’ असे नाव दिले होते. पुढे दक्षिण ग्रीसमध्ये, कार्दामिली येथे, घर बांधण्याच्या कामात ते गुंतले आणि खर्डा बुर्गासजवळच्या त्या अर्ध्या वाक्यावर बाजूला पडला. सत्तरच्या दशकात त्यांनी प्रवास पुन्हा पहिल्यापासून, सविस्तर लिहायला घेतला आणि त्यातून पहिले दोन खंड तयार झाले. तिसऱ्या खंडाची वेळ आली तेव्हा मात्र ज्याला हात लावायचा तो मजकूर त्यांनीच कधीकाळी लिहून ठेवलेला होता. तो धड टाकवेना आणि धड सुधारवेना. अगदी शेवटच्या वर्षांत, नजर अधू झालेली असताना, त्यांनी या टंकलिखित पानांवर थरथरत्या हाताने दुरुस्त्या करायला घेतल्या होत्या.

दुसरा कागद म्हणजे हिरव्या रंगाची रोजनिशी. प्रवासातली पहिली वही १९३४ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये पाठीवरच्या पिशवीसह चोरीला गेली होती. नंतरच्या वह्यांपैकी ही एकच उरली, आणि तीही एका बाईच्या प्रसंगावधानामुळे. चाल संपल्यावर ली फर्मर यांची बालाशा कांताकुझीन या रुमानियन सरदारकन्येशी अथेन्समध्ये भेट झाली. पुढची काही वर्षे ते दोघे मोल्डाव्हियातील तिच्या बलेनी या घरी राहिले, आणि १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सैन्यात दाखल होण्यासाठी ते रोजनिशी तिथेच ठेवून निघाले. साम्यवादी राजवटीने १९४९ मध्ये बालाशाला घराबाहेर काढले. सामान बांधायला हाती काही मिनिटे होती, आणि तेवढ्यात तिने जे थोडे उचलले त्यात ही वही होती. १९६५ मध्ये ली फर्मर रुमानियात तिला भेटले तेव्हा ती वही त्यांच्या हाती परत आली. खर्डा त्याआधीच थांबला होता. म्हणजे बल्गेरियाची जी चित्रे आपण या पुस्तकात वाचतो ती वही हाताशी नसताना, तीस वर्षांच्या अंतरावरून, निव्वळ स्मरणाच्या आधाराने काढलेली आहेत.

मराठीत लिहिताना मला इथे एक सोय मिळते. इंग्रजीतल्या प्रथमपुरुषी एकवचनाला वय नसते, आपल्याकडे मात्र ‘तो’ आणि ‘ते’ यांत फरक करता येतो. वाटेवर चालणारा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे ‘तो’, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला आठवणारे लेखक म्हणजे ‘ते’. पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय बासष्ट होते आणि दुसऱ्याच्या वेळी एकाहत्तर. तिथे ‘ते’ इतके विद्वान, इतके सावध आणि शब्दांचे इतके पट्टीचे कारागीर झाले आहेत की ‘तो’ अनेकदा त्यांच्या पाठीमागे झाकला जातो. एखाद्या मठाच्या दारातून मुलगा आत शिरतो आणि पुढची चार पाने त्या मठाच्या स्थापत्यावर, एखाद्या घराण्याच्या वंशावळीवर, एखाद्या विस्मृत लढाईवर खर्च होतात. ती पाने सुंदर आहेत, याविषयी माझे दुमत नाही. पण तिसऱ्या खंडात ‘तो’ आणि ‘ते’ यांच्यातले अंतर कमी आहे, आणि शेवटच्या भागात तर ‘ते’ दूर होऊन फक्त ‘तो’ उरतो. एकाच माणसाचे तीन वयांतले आवाज एका बांधणीत ऐकू यावेत, अशी संधी प्रवासलेखनात क्वचितच मिळते.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळतो. १९३४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तो डॅन्यूबवरून बल्गेरियात उतरतो आणि पहिल्या दोन खंडांतले जग मागे पडते. हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनियात एका जमीनदाराची ओळखचिठ्ठी पुढच्या जमीनदाराचे दार उघडत असे. बल्गेरियात असे वाडेच नाहीत. सुमारे पाच शतके ऑटोमन अंमलाखाली राहिलेला आणि १८७८ मध्ये सुटलेला हा देश शेतकऱ्यांचा, मेंढपाळांचा आणि छोट्या दुकानदारांचा होता. सोफिया, रिला पर्वतातला मठ, प्लॉवदिव, बाल्कन पर्वतरांग, मग जुनी राजधानी तर्नोव्हो, असा हा रस्ता जातो. रिलाच्या मठातली यात्रेची गर्दी आणि यांत्रा नदीच्या वळणावर कड्यांना धरून बसलेली तर्नोव्होची घरे यांची वर्णने मला विशेष आवडली, कारण त्यांत लेखक माहिती देण्याच्या घाईत नाही. तो मुलगा जसा पाहतो तसे आपण पाहतो.

त्या काळच्या बल्गेरियाच्या मनातला सल समजल्याशिवाय या भागातले बरेचसे प्रसंग नीट कळत नाहीत. १९१३ च्या दुसऱ्या बाल्कन युद्धात दक्षिण दोब्रुजा रुमानियाकडे गेला, मॅसिडोनियाचा मोठा भाग सर्बिया आणि ग्रीस यांनी वाटून घेतला, आणि पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने एजियन समुद्रावरचा किनाराही हातचा गेला. चारी दिशांना गमावलेल्या भूमीची आठवण घेऊन जगणारी माणसे या मुलाला खानावळीत भेटतात आणि तो पुढे रुमानियात जाणार असे कळताच त्यांचे चेहरे बदलतात. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा मार्सेय येथे खून झाला आणि मारेकरी बल्गेरियन निघाला. ही बातमी तर्नोव्होत येऊन धडकते त्या संध्याकाळचे वर्णन या पुस्तकातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या पानांपैकी आहे. ज्यांच्या घरी आपण जेवलो, ज्यांच्याबरोबर हसलो, ती माणसे एका खुनाचा आनंद साजरा करीत आहेत आणि आपण त्यांच्या मध्ये परका म्हणून उभे आहोत, हा अनुभव ली फर्मर कुणाला दोषी न धरता आणि कुणाला सोडूनही न देता मांडतात.

मराठी वाचकाला या भागात आणखी एक आनंद मिळू शकतो. तुर्की अंमलाने बाल्कनमधल्या भाषांत जे शब्द मागे ठेवले त्यांतले अनेक फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडेही आलेले आहेत. बल्गेरियनमध्ये बाजाराला ‘पझार’ म्हणतात आणि दुकानाला ‘द्युक्यान’. रुमानियनमध्ये शत्रूला ‘दुश्मान’ म्हणतात आणि पाहुण्याला ‘मुसाफिर’. ली फर्मर यांना शब्दांचे अतोनात वेड आहे. टोप्या, कमरपट्टे, वाद्ये, पदार्थ यांची त्या त्या भाषेतली नावे ते हौसेने गोळा करतात. अशा याद्या वाचताना इंग्रज वाचकाला जे दूरदेशीचे वाटत असेल त्यातले काही आपल्या कानाला ओळखीचे लागते.

निसर्गवर्णनाचा एकच नमुना निवडायचा झाला तर मी करकोच्यांचा निवडेन. शरद ऋतूत बाल्कन पर्वतरांग ओलांडताना त्याला दक्षिणेकडे स्थलांतर करणारे करकोच्यांचे थवे दिसतात. युरोपातले करकोचे शक्यतो मोठा समुद्र ओलांडत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या आधाराने ते पंख न हलवता तरंगत जातात आणि समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून पूर्वेकडचे थवे बॉस्फरस सामुद्रधुनीच्या अरुंद पट्टीवरून आशियात शिरतात आणि पुढे आफ्रिकेला जातात. म्हणजे त्या पक्ष्यांची आणि त्या मुलाची दिशा एकच आहे. लेखक ही जुळणी ठसवून सांगत नाहीत. ते फक्त थव्यामागून थवा डोक्यावरून जाताना दाखवतात, आणि खाली थांबून वर पाहणारा मुलगा आपल्यापुढे उभा राहतो. मी हा उतारा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा वाचन थांबवून काही वेळ तसाच बसून राहिलो.

या खंडात आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच मोकळेपणाने येते, ती म्हणजे उदासी. आधीच्या खंडांतला प्रवासी जवळजवळ अखंड आनंदात असतो. जिथे जाईल तिथे त्याचे स्वागत होते, थंडी आणि भूक हीदेखील त्याला गंमत वाटते. इथे मात्र पावसात एकटे चालण्याचे, मन उगाचच खचण्याचे, एका बल्गेरियन मित्राशी झालेल्या भांडणाने लागलेल्या टोचणीचे दिवस आहेत. आपण इतरांच्या आदरातिथ्यावर जगतो आहोत, मग आपल्या मनमोकळेपणात स्वार्थ किती, हा प्रश्नही अधूनमधून डोके वर काढतो. उतारवयातल्या लेखकाने हा मजकूर पुन्हा हाती घेऊन घोटला असता तर या जागा कदाचित गुळगुळीत झाल्या असत्या. त्या तशाच राहिल्या, आणि त्यामुळे मुलगा माणूस म्हणून कळतो.

याच मोकळेपणामुळे आईवडिलांचा उल्लेख आला की मी थबकलो. त्याचे वडील, सर लुईस ली फर्मर, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवरचा त्यांचा १९०९ मधला बृहद् ग्रंथ भूविज्ञानाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यातल्या खनिजांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, तिथल्या एका खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि छिंदवाड्यातल्या एका खनिजाला पुढे त्यांच्या नावावरून ‘फर्मराइट’ म्हटले गेले. मुलगा तान्हा असतानाच त्याची आई त्याच्या वडिलांकडे भारतात परतली आणि त्याला इंग्लंडमध्ये एका परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. पुढे आईवडील विभक्त झाले. विदर्भातल्या टेकड्या पायी धुंडाळणारा बाप आणि युरोप पायी ओलांडणारा मुलगा यांची आयुष्ये एकमेकांना फारशी भेटलीच नाहीत. भेटेल त्या घरात या मुलाने इतक्या आतुरतेने आसरा का शोधला, याचे एक उत्तर मला इथे दिसते.

बुखारेस्टचा भाग त्या मानाने मला सैल वाटला. डॅन्यूब ओलांडून तो रुमानियाच्या राजधानीत येतो, आणि फ्रेंच बोलणाऱ्या श्रीमंतांच्या बैठकी, मेजवान्या आणि नामवंतांच्या ओळखी यांचा ओघ सुरू होतो. हा वर्ग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नाहीसा झाला हे लिहिणाऱ्याला माहीत होते, आणि ते दुःख ओळींच्या खाली जाणवत राहते. तरीही नावे फार आहेत आणि त्या नावांमागची माणसे थोडी. वाचकाने हा भाग भरभर वाचला तरी चालेल.

तो बल्गेरियात परततो आणि वर्ना बंदरापासून पुढे मात्र पुस्तक पुन्हा पेट घेते. काळ्या समुद्राच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे चालताना अंधार पडतो, वाट हरवते, तो खडकांवरून घसरून बर्फासारख्या पाण्यात पडतो आणि भिजून, खरचटून, कसाबसा एका गुहेशी येतो. आत शेकोटी आहे, ग्रीक कोळी आहेत, बल्गेरियन मेंढपाळ आहेत आणि त्यांची जनावरे आहेत. ते त्याला कोरडे करतात, खाऊपिऊ घालतात, आणि मग वाद्ये निघतात आणि नाच सुरू होतो. या नाचाचे वर्णन अनेक पाने चालते. पायांची ठेवण, खांद्यांचा भार, नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरची एकाग्रता हे सारे इतके नेमके आहे की वाचताना अंगात ताल भरतो. या नाचांचा उगम कुठला, बायझंटाइन काळाचे त्यात काय उरले असावे, या विचारात लेखक मध्येच शिरतात, पण इथे ती विद्वत्ता नाचाच्या ओघातच मिसळून जाते. गुहेचा हा प्रसंग १९६५ मध्ये ‘हॉलिडे’ मासिकात स्वतंत्रपणे छापला गेला होता, म्हणजे तो लेखकाच्या हातून पूर्ण झालेला आहे, आणि आजूबाजूच्या कच्च्या पानांच्या शेजारी त्याची घडण वेगळी उठून दिसते. ज्यांना पुस्तक घेण्याआधी त्याची चव पाहायची असेल त्यांनी ‘डान्सिंग बाय द ब्लॅक सी’ हे प्रकरण उघडावे.

त्यानंतर ते अर्धे वाक्य येते, आणि मग काँस्टँटिनोपल. इथे बहुतेक वाचकांची निराशा होईल हे मी आधीच सांगून ठेवतो. वर्षभर ज्या शहराकडे पाय चालत होते त्याविषयी हाती लागतात त्या रोजनिशीतल्या मोजक्या, तुटक नोंदी. घुमट, तटबंदी, गोल्डन हॉर्नची खाडी यांची ती भव्य चित्रे, जी या लेखकाने नक्कीच रंगवली असती, इथे नाहीत. पहिल्या वाचनात मला हे फसवणुकीसारखे वाटले होते. दुसऱ्या वाचनात त्या नोंदींतला थकवा दिसू लागला. ध्येय गाठलेल्या मुलाला आता पुढे काय करायचे ते कळत नाही, आणि त्या शहरात तो पुरते दोन आठवडेही थांबत नाही. पंढरीची वाट चालून आलेल्या माणसाला दर्शनापेक्षा वाटच अधिक आठवते, हे आपल्याकडे अनेकांनी अनुभवलेले आहे. काँस्टँटिनोपलचे वर्णन लेखकाला पुढे पंचेचाळीस वर्षांत का जमले नाही याचे कारण या अबोल नोंदींतच असावे, असा माझा कयास आहे.

शेवटचा भाग ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचा आहे, आणि तो पूर्णपणे रोजनिशीतून घेतलेला आहे. वीस मठांच्या या पवित्र द्वीपकल्पावर स्त्रियांना प्रवेश नाही. १९३५ च्या जानेवारीच्या अखेरीस, बर्फ पडलेले असताना, तो तिथे पोहोचतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एका मठातून दुसऱ्या मठात चालत राहतो. ग्रीक मठ, सर्बियन मठ, बल्गेरियन मठ, रशियन मठ असे करीत तो त्या चिंचोळ्या भूमीवर जणू साऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगातून फिरून येतो. ११ फेब्रुवारीला त्याला विसावे वर्ष पूर्ण झाले तेही याच पर्वतावर. या पानांतली भाषा साधी आहे, कुठे कुठे बाळबोधही आहे. जेवायला काय मिळाले, खोलीत शेकोटी होती की नाही, कोणता साधू प्रेमळ आणि कोणता तुसडा, प्रार्थनेच्या वेळी मेणबत्त्यांचा उजेड कसा पडला, अशा नोंदी रोज येतात आणि त्यांत पुनरावृत्ती आहे. मात्र आदल्या अडीचशेहून अधिक पानांत ज्याच्याविषयी वाचले तो मुलगा इथे स्वतः बोलतो. त्याच्या शब्दांवर तीस वर्षांच्या आठवणींचे लेपन नाही. प्रौढ लेखकाच्या वळणदार वाक्यांचे कोंभ या कच्च्या वाक्यांत शोधणे हा या भागातला माझा सर्वांत मोठा आनंद होता.

संपादकांच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लेखकामागे त्याचा ग्रंथ सिद्ध करणे हे नाजूक काम आहे. आपल्याकडे याचा एक ठळक दाखला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात पायी फिरून आले आणि त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, पण मूळ मजकुरात बरेच फेरफार करून. गोडसे भटजींचा खरा आवाज वाचकांना ऐकू आला तो पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताच्या आधारे आवृत्ती काढल्यावर. थ्युब्रॉन आणि कूपर यांच्यापुढेही तोच मोह होता. दोघेही कसलेले लेखक आहेत, आणि ली फर्मर यांच्या शैलीची बेमालूम नक्कल करून काँस्टँटिनोपलचे एक प्रकरण रचणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. मजकूर थोडा छाटला, विरामचिन्हे आणि परिच्छेद नीट केले, अडलेल्या जागा मोकळ्या केल्या, आणि पुस्तकातली भाषा लेखकाचीच राहील याची काळजी घेतली. शीर्षकही त्यांनी तुटलेल्या वाटेचे ठेवले, म्हणजे मुखपृष्ठावरच कबुली दिली.

माझी तक्रार एकच आहे, पण ती मला महत्त्वाची वाटते. जिथे संपादकांचा हात फिरला त्या जागा मजकुरात दाखवलेल्या नाहीत. प्रस्तावना प्रामाणिक आहे, पण ती सर्वसाधारण बोलते. लेखकाने नव्वदीत केलेली दुरुस्ती कोणती, १९६३-६४ मधला मूळ शब्द कोणता आणि संपादकांनी सांधलेला दुवा कोणता, हे एखाद्या परिशिष्टात तरी कळायला हवे होते. वयांचे थर हाच ज्या पुस्तकाचा विशेष, त्यात ते वेगळे ओळखू येणे वाचकाच्या हिताचे होते. स्मरणाच्या खरेपणाचा प्रश्नही इथेच येतो. तीस वर्षांपूर्वीची संभाषणे शब्दशः कशी आठवतील, असे कुणी विचारील. लेखक स्वतःच मजकुरात वारंवार थांबून सांगतात की अमुक आठवते, तमुक पुसले गेले आहे, हे दोन प्रसंग कदाचित एकमेकांत मिसळले असावेत. आधीच्या दोन खंडांत हा संकोच इतका उघड नव्हता. मला तो आवडला, आणि त्यामुळे जे ठामपणे सांगितले आहे त्यावर माझा विश्वास वाढला.

इंग्रजी सोपी नाही हे सांगणे भाग आहे. एकेक वाक्य अर्धे पान चालते, इमारतींच्या भागांची आणि कापडांची दुर्मीळ नावे येतात, ग्रीक-लॅटिन संदर्भ गृहीत धरलेले असतात. पहिल्या दोन खंडांपेक्षा हा खंड त्या बाबतीत बराच हलका आहे. म्हणून ज्यांनी ली फर्मर यांचे काहीच वाचलेले नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी याविषयी माझे मत रूढ सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. मी स्वतः योगायोगाने तिसरा खंड आधी वाचला, मग मागे जाऊन पहिले दोन वाचले आणि त्यानंतर पुन्हा तिसऱ्याकडे आलो. या क्रमाने वाचल्यास मुलगा आधी ओळखीचा होतो आणि मग त्याच्याभोवती थोर गद्याचा महाल उभा राहताना दिसतो. ज्यांना प्रवासाचा क्रम मोडायचा नसेल त्यांनी पहिल्यापासून जावे, फक्त दुसऱ्या खंडानंतर थोडा काळ थांबून मगच हा उघडावा. शेजारी १९३० च्या दशकातला बाल्कनचा नकाशा असू द्यावा, कारण सीमा आणि गावांची नावे नंतर पुष्कळ बदलली आहेत. आणि बुर्गासच्या त्या अर्ध्या वाक्याशी आल्यावर लगेच पान उलटू नये, ते वाक्य मागच्या परिच्छेदापासून पुन्हा एकदा वाचावे.